पिकअपच्या हौद्यात वाळूच्या पिशव्या: बर्फात खरंच उपयोग होतो का? किती आणि कुठे ठेवायच्या?

मेघना_डी | २३ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. आम्ही मिनेसोटात, डुलुथला राहतो. उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांकडून त्यांची जुनी पिकअप घेतली. २०११ ची, साडेसहा फुटी हौदा, टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना. मला लाकूडकामाची आवड आहे, फळ्या आणि प्लायवूड आणायला हक्काची गाडी हवी होती. ऑक्टोबरपर्यंत सगळं मजेत चाललं.

डुलुथ ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाव डोंगराच्या उतारावर वसलंय, खाली सुपीरियर सरोवर. सरोवराला समांतर जाणारे रस्ते बऱ्यापैकी सपाट, पण त्यांना छेदणारे ॲव्हेन्यू म्हणजे सरळसोट चढ. गेल्या मंगळवारी पहिला घसघशीत बर्फ पडला, चार-पाच इंच. कामावरून येताना एका चढावर स्टॉपच्या पाटीपाशी थांबले. निघायला ॲक्सिलरेटर दाबला तर मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली आणि गाडी हळूहळू मागे यायला लागली. ब्रेक दाबून धरला तरी मागेच. वर मागची बाजू डावीकडे वळत चाललेली. मागे एकही गाडी नव्हती ही देवाची कृपा. शेवटी चाक फुटपाथच्या कडेला टेकलं आणि गाडी थांबली. घरी येऊन चहाचा कप धरला तर हात थरथरत होते.

ऑफिसात ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांचं एकच उत्तर: "हौद्यात वजन टाक." कोणी म्हणतं वाळू, कोणी काँक्रीटचे ठोकळे, कोणी मिठाची पोती. किती टाकायचं, कुठे ठेवायचं, यावर दोघांचं एकमत नाही. इथे थंड प्रदेशात राहणारी बरीच मंडळी आहेत. तुमचा अनुभव सांगा. नवीन फोर-व्हील ड्राइव्ह घेणं सध्या शक्य नाही.

कॅल्गरीकर | २३ नोव्हेंबर

अकरा हिवाळे काढलेत अशाच गाडीवर. हार्डवेअरच्या दुकानात नळीसारख्या लांब पिशव्या मिळतात, ६० पौंडी. सहा घ्यायच्या आणि फाळक्याला टेकवून आडव्या रचायच्या. अगदी मागे ठेवल्या की मागच्या चाकांवर दाब जास्त येतो. एकदाही अडकलो नाही. बिनधास्त टाका.

ढब्बू_मिरची | २३ नोव्हेंबर

पिशव्या कशाला विकत घेता? पडलेला बर्फ काढूच नका हौद्यातून. फुकटचं वजन आणि पाठीलाही आराम :)

खडीसाखर | २४ नोव्हेंबर

मेघनाताई, वाचूनच पोटात गोळा आला. आधी एक सांगा, टायर कोणते आहेत? गाडीबरोबर आलेले ऑल-सीझनच असतील तर वाळूच्या आधी तिकडे बघा. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली त्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं चित्र असेल तोच घ्या. नुसतं 'एम अँड एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही.

मी मिशिगनमध्ये आहे. आम्ही पहिल्या वर्षी वाळू टाकली, दुसऱ्या वर्षी टायर बदलले. तेव्हा कळलं की क्रम उलटा हवा होता.

गणिती | २४ नोव्हेंबर

खडीसाखर यांच्याशी सहमत, आणि आकड्यांत मांडून बघतो.

रिकामी पिकअप साधारण २०५० किलो धरू. इंजिन पुढे असल्यामुळे मागच्या चाकांवर जेमतेम ४२ टक्के, म्हणजे ८६० किलो येतात. दाबलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर मागची चाकं जास्तीत जास्त १७२ किलोचा रेटा देऊ शकतात. २०५० किलोची गाडी त्या रेट्यावर ८.४ टक्के चढ चढेल, म्हणजे १०० फूट चालीत ८.४ फूट उंची.

आता ६० पौंडाच्या चार पिशव्या, म्हणजे १०९ किलो, बरोबर मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या वर, ठेवा. मागच्या चाकांवर ९६९, एकूण २१५९. चढ ९ टक्के. आठ पिशव्या ठेवल्या तर ९.५ टक्के.

आणि एकही पिशवी न ठेवता नुसते टायर बदलले, गुणांक ०.२ चा ०.३ झाला असं समजा, तर थेट १२.६ टक्के. टायर आणि चार पिशव्या मिळून १३.५.

गुणांक मी सोयीसाठी धरलेत. रस्ता, तापमान, टायर यांप्रमाणे ते बदलतात आणि निथळत्या बर्फाच्या काचेवर ०.१ च्याही आसपास येतात. पण कशाने किती फरक पडतो ते यातून दिसतं. वाळूने फरक पडतो, पण बेताचा. आणि डुलुथचे काही चढ या सगळ्या आकड्यांच्या वर आहेत, तिथे दुसरा रस्ता धरणंच बरं.

कॅल्गरीकर | २४ नोव्हेंबर

गणिती, हिशोब मान्य. पण तुम्ही पिशव्या ॲक्सलवर ठेवल्यात. फाळक्याशी ठेवून बघा, तरफेमुळे मागे जास्त वजन पडतं. माझा अकरा वर्षांचा अनुभव तेच सांगतो.

गणिती | २४ नोव्हेंबर

बरोबर आहे, मागे जास्त पडतं. पण ते जास्तीचं येतं कुठून? पुढच्या चाकांवरून. दोन ॲक्सलमधलं अंतर ३.६ मीटर धरा. १०० किलो मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागे ठेवले तर मागच्या चाकांवर १२८ किलो वाढतात आणि पुढच्यांवरचे २८ कमी होतात. गाडी वळवायचं काम पुढची चाकं करतात, ब्रेकचं मोठं कामही तीच करतात. निघायला सोपं झालं, पण वळायला अवघड. शिवाय एकदा शेपूट फिरायला लागलं की इतक्या मागे ठेवलेलं वजन त्याला आणखी लांब नेतं.

अण्णा_वाळवा | २४ नोव्हेंबर

मी बर्फ फक्त फ्रिजमधला बघितलाय, तरी बोलतो. कारण हा सगळा बैलगाडीचा हिशोब आहे.

आमच्या लहानपणी गाडी भरायचं काम कुणालाही देत नसत. वडील स्वतः साट्यावर उभे राहायचे आणि पोती कुठं ठेवायची ते बोटानं दाखवायचे. पुढं जास्त पडली तर जू बैलांच्या मानेवर बसतं, खांदे सुजतात. मागं जास्त पडली तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास. म्हणून सगळ्यात जड माल आखावर, म्हणजे तुमच्या ॲक्सलवर, आणि किंचित पुढं. भरून झाली की वडील जू एका हातानं उचलून बघायचे. उचलताना थोडा जोर लागला पाहिजे, पण उचललं गेलं पाहिजे. एवढी खूण.

तीच गोष्ट ऊसाच्या हंगामात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून चढाला लागलं की पुढची चाकं रस्ता सोडतात. स्टेअरिंग फिरवा नाहीतर नका फिरवू, ट्रॅक्टर ऐकत नाही. म्हणून पुढं लोखंडी वजनं लावतात. मेघनाताईंची गाडी उलाळ व्हायला नको. कॅल्गरीच्या दादांनी पिशव्या आखावर आणून एकदा बघाव्यात.

मेघना_डी | २४ नोव्हेंबर

अण्णा, 'उलाळ' हा शब्द माझी आजी वापरायची, मडकं एका बाजूला कललं की. किती वर्षांनी ऐकला!

टायर ऑल-सीझनच आहेत आणि निम्मे झिजलेले. चार हिवाळी टायर घ्यायचं ठरवलंय, पण दुकानात १० डिसेंबरची वेळ मिळाली. तोवर वाळू आणि सपाट रस्ते.

निशांत_मॉन्ट्रियल | २५ नोव्हेंबर

आमच्या क्वेबेकमध्ये हा प्रश्नच सरकारने सोडवून टाकलाय. १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे. नोव्हेंबरात टायरच्या दुकानांबाहेर रांगा लागतात.

एक महत्त्वाची गोष्ट कोणी अजून बोललं नाही. वजन टाकून निघायला मदत होते, थांबायला नाही. निघताना फक्त मागची दोन चाकं काम करतात म्हणून त्यांच्यावर वजन वाढवण्याला अर्थ आहे. ब्रेक मात्र चारही चाकांना लागतात. वजन वाढलं की पकड वाढते, पण थोपवायचं वस्तुमानही तेवढंच वाढतं, हिशोब जागच्या जागी. उलट गाडी सहज निघायला लागली की वेग वाढतो, माणसाला वाटतं सगळं छान चाललंय आणि सिग्नलला पितळ उघडं पडतं. फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांचंही हेच होतं. पहिल्या वादळानंतर हायवेच्या कडेला खड्ड्यात उतरलेल्या गाड्या मोजा, किती फोर-बाय-फोर असतात ते दिसेल.

ढब्बू_मिरची | २५ नोव्हेंबर

माझ्या फुकटच्या बर्फाकडे कोणी लक्ष दिलं नाही :( कोणी सांगेल का त्यात काय वाईट?

गणिती | २५ नोव्हेंबर

दिलं, दिलं. साडेसहा फुटी हौद्यात काठोकाठ भरला तर दीड घनमीटर तरी बर्फ मावतो. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो किंवा त्याहूनही कमी, म्हणजे दीडशे किलो. तोच बसला, वर पाऊस पडून ओला झाला की घनमीटरला ३०० च्या पुढे, म्हणजे साडेचारशे किलो. आज किती वजन घेऊन चाललोय हे तुम्हाला कळतच नाही. थंडीत तो फाळक्याशी गोठून बसतो, ऊन पडलं की एका बाजूने वितळतो, आणि हायवेवर वाऱ्याने उडून मागच्याच्या काचेवर जातो. अडीअडचणीला एखाद्या दिवशी ठीक. सवय नको.

नलूताई | २५ नोव्हेंबर

मी सहसा वाचूनच जाते, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा ओन्टारियोत एका छोट्या गावात होतो. यांनी अंगणात उरलेल्या फरशा, त्या जाड काँक्रीटच्या चौकोनी असतात त्या, हौद्यात टाकल्या होत्या. आठ-दहा असतील. जड आहेत, जागच्या हलणार नाहीत, असं आम्हाला दोघांनाही वाटलं. बांधल्या नाहीत. एका सकाळी समोरची गाडी एकदम थांबली. यांनी ब्रेक मारला, तरी ताशी तीस-चाळीसच्या वेगाने जाऊन तिला धडकले. त्या धक्क्याचं फारसं काही झालं नसतं. पण सगळ्यात वरची फरशी हौद्यातून सरकत आली, केबिनची मागची काच फोडून आत आली आणि शेजारच्या सीटच्या डोकं टेकायच्या जागेवर आदळून अडकली. ती सीट माझी. त्या दिवशी मला सर्दी होती म्हणून मी घरी राहिले होते.

मी ती सीट पाहिली आहे. आतला स्पंज बाहेर आला होता आणि त्यात काचेचे बारीक तुकडे रुतले होते.

कृपा करून काँक्रीट, दगड, लोखंड असलं काही टाकू नका. आणि जे टाकाल ते बांधा. मेघना, मला वचन दे.

मेघना_डी | २५ नोव्हेंबर

नलूताई, वचन. एका सहकाऱ्याकडून सहा काँक्रीटचे ठोकळे फुकट मिळणार होते. आत्ताच त्याला नको म्हणून कळवलं.

गणिती | २५ नोव्हेंबर

नलूताई, अंगावर काटा आला. ताशी ६० किलोमीटरला सुटलेली वस्तू म्हणजे १४ मीटरवरून, चार-पाच मजल्यांवरून, खाली टाकलेली वस्तू. वाळूची २७ किलोची पिशवीही त्याच हिशोबात येते. फरक इतकाच की ती आदळताना फुटते, पसरते. मोकळी ती पण ठेवू नये.

खडीसाखर | २६ नोव्हेंबर

बांधायचं कसं ते सांगते, आम्ही करतो तसं. हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यात बहुतेक पिकअपना उभ्या खाचा असतात, आडवी फळी बसवायला केलेल्या. प्लास्टिकचं अस्तर असेल तर त्यातही असतात. टू-बाय-सिक्सची (नावाला दोन बाय सहा इंची) एक फळी चाकांच्या उंचवट्यांच्या पुढे, दुसरी मागे. मध्ये जो आयताकृती कप्पा तयार होतो तो बरोबर ॲक्सलवर येतो. पिशव्या त्यात, वरून रॅचेटचा पट्टा, हौद्यातल्या कड्यांना. मेघनाताई लाकूडकाम करतात म्हणजे त्यांना तासाभराचं काम.

आणखी एक. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल त्याचा. पिशव्या, चार माणसं, वर प्लायवूडच्या थप्प्या, सगळं त्यात मोजायचं.

फिरस्ता | २६ नोव्हेंबर

घोड्यांच्या तबेल्यात अंथरतात ती जाड रबरी मॅट बघा. चार बाय सहा फुटी, पाऊण इंच जाडीची, शंभर पौंडांच्या जवळ भरते. सपाट पडून राहते, सरकत नाही, वर सामान ठेवता येतं. तिच्यावर पिशव्या ठेवल्या तर त्याही सरकत नाहीत. पाण्याने भरायच्या रबरी पिशव्याही विकायला असतात, पण उणे तीसमध्ये त्यांचं काय होतं ते मी बघितलंय. घेऊ नका.

ढब्बू_मिरची | २६ नोव्हेंबर

आणि मिठाची पोती? पाणी मऊ करायच्या यंत्राची, ४० पौंडी. घरात लागतातच.

फिरस्ता | २६ नोव्हेंबर

फाटलं एखादं तर हौद्याचा पत्रा खाऊन टाकेल. वाळूचा दुसरा फायदा असा की अडकलात तर तीच चाकांखाली पसरता येते. त्यासाठी एक छोटा डबा कोरडी वाळू केबिनमध्ये ठेवा, हौद्यातली ओली झालेली वाळू दगडासारखी गोठते, तेव्हा हाताने सुटत नाही. मांजराची वाळू टाकतात लोक, पण पाणी लागलं की ती बहुतेक वेळा चिखल होते.

जुना_चक्रधर | २७ नोव्हेंबर

सातारकर. सैन्यात १७ वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली चार लेह आणि द्रासच्या बाजूला. आमचा अनुभव असा की भरलेला ट्रक बर्फावर जितका ऐकतो तितका रिकामा ऐकत नाही. रिकाम्या ट्रकची मागची चाकं नाचतात. परतीच्या वाटेवर, माल उतरवून येताना, आम्हाला जास्त सांभाळावं लागायचं.

मेघनाताई, चार गोष्टी ध्यानात ठेवा. चढाच्या मध्ये थांबू नका. खाली उभं राहून वरचा रस्ता मोकळा होऊ द्या, मग एका दमात जा. खालचा गियर, पाय हलका. चाक फिरायला लागलं की पाय वर, दाबायचा नाही. फिरणारं चाक बर्फ पॉलिश करतं, मग तिथून काहीच निघत नाही. उतारावर गियर टाकताना झटका देऊ नका. तुमची ड्राइव्ह मागे आहे, इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि रिकामी गाडी तेवढ्यानेही आडवी होते. आणि चेन लावायची वेळ आली तर चढाच्या आधी सपाटीवर लावा. अर्ध्या चढावर अडकून मग चेन लावणारा माणूस गाडीखाली जातो, अक्षरशः.

अण्णा_वाळवा | २७ नोव्हेंबर

चक्रधर, सलाम.

अवांतर: ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात आम्ही पाणी भरतो. नांगरटीला चाक स्लिप मारू नये म्हणून. तिकडच्या थंडीत शेतकरी काय करतात?

फिरस्ता | २७ नोव्हेंबर

अण्णा, भरतात की. नुसतं पाणी गोठेल म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. त्याने पाणी जडही होतं आणि गोठतही नाही, पण गळलं तर रिम गंजते. आता काही जण बिटाचा रस वापरतात, साखर कारखान्यातून उरलेला. गंजत नाही.

अण्णा_वाळवा | २७ नोव्हेंबर

बिटाचा रस टायरात! आमच्याकडं कारखान्याच्या मळीचा हा उपयोग कुणाला सुचला नाही. उद्या चावडीवर सांगतो.

कॅल्गरीकर | २८ नोव्हेंबर

मंडळी, मी काल पिशव्या काढून मोजून बघितल्या. फाळक्यापासून ॲक्सलपर्यंत जवळजवळ चार फूट आहेत. सगळ्या पुढे आणल्या, फळी लावली. आज सकाळी रोजच्या वळणावर, जिथे गेली कित्येक वर्षं गाडी थोडी सरळ जायची आणि मग वळायची, तिथे ती लगेच वळली. मला वाटायचं त्या वळणाचाच दोष आहे. अण्णा, मानलं तुम्हाला.

निशांत_मॉन्ट्रियल | २८ नोव्हेंबर

कॅल्गरीकर, पेट्रोलचाही हिशोब ठेवा. अमेरिकन सरकारच्या माहितीप्रमाणे १०० पौंड जादा वजनाला साधारण १ टक्का मायलेज जातं. सहा पिशव्यांना तीन-साडेतीन टक्के. म्हणून एप्रिलात विसरून हौद्यातच ठेवू नका.

मेघना_डी | १४ जानेवारी

मंडळी, धागा वर काढते आहे. सविस्तर लिहायचं होतं.

खडीसाखर यांनी सांगितली तशी चौकट केली. टू-बाय-सिक्सच्या दोन फळ्या खाचांत, त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या, स्क्रूने पक्क्या. खाली रबरी मॅट. पाच पिशव्या, ३०० पौंड, वरून दोन पट्टे. १० डिसेंबरला चारही टायर हिवाळी झाले.

गणितींचे आकडे खरे करून बघायची संधी आपोआप मिळाली. टायर बदलायच्या आदल्या रविवारी ऑफिसच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गेले. तिथे एका बाजूला थोडा चढ आहे. पिशव्यांशिवाय जुन्या टायरवर तो अर्धा चढला, मग चाकं फिरली. पिशव्या टाकून पाऊण. टायर बदलल्यावर पिशव्या काढून पूर्ण चढला. मग पिशव्या टाकून पुन्हा चढले. तेव्हा वेगळं काय वाटलं सांगू? जोर नाही, शांतपणा. आधी चढताना मागची बाजू शेपटीसारखी इकडेतिकडे वळवळायची, ती वळवळ थांबली. पोटातली भीती त्या वळवळीची होती हे तेव्हा कळलं.

ब्रेकचं निशांत यांचं म्हणणंही करून बघितलं. ताशी तीसवरून, पिशव्यांसह आणि पिशव्यांशिवाय, चार-चार वेळा. बर्फावर मारलेल्या खुणा पावलांनी मोजल्या. फरक नाही. टायरने मात्र थांबायला लागणारी पावलं बरीच कमी झाली.

आणखी दोन गोष्टी ज्या कोणी सांगितल्या नव्हत्या. मागे वजन आल्यामुळे गाडीचं नाक वर झालं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागले. दोन जणांनी लाइट मारून दाखवलं तेव्हा लक्षात आलं. गॅरेजच्या भिंतीवर खूण करून दिवे खाली घेतले. दुसरं, उणे २५ च्या सकाळी टायरमधली हवा सहा पीएसआयने कमी दिसली. दर १० अंश फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय जातं म्हणे. आता दर रविवारी बघते.

आणि तो ॲव्हेन्यू? मी त्या वाटेने जात नाही. चार मिनिटं जास्त लागतात, वळसा घालून सपाट रस्त्याने येते.

जुना_चक्रधर | १४ जानेवारी

वळसा घातलात ते सगळ्यात उत्तम केलंत.

नलूताई | १५ जानेवारी

पट्ट्यांचं वाचून बरं वाटलं बाळा.

वऱ्हाडी_इन_ओहायो | २ फेब्रुवारी

उशिरा वाचतोय. माझी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप आहे. मी पण वाळू टाकू का?

गणिती | २ फेब्रुवारी

चारही चाकांना जोर असताना गाडीचं सगळं वजन कामाला लागलेलंच असतं, त्यामुळे निघायला वाळूने फारसं काही मिळणार नाही. पण तुम्ही रोज टू-व्हीलमध्ये चालवत असाल आणि अडचणीलाच फोर-व्हील लावत असाल तर मागची वळवळ कमी करायला दोन-तीन पिशव्या चालतील. ॲक्सलवर.

अण्णा_वाळवा | २ फेब्रुवारी

आखावर, आणि किंचित पुढं.

मेघना_डी | १९ एप्रिल

आज पिशव्या उतरवल्या. वजनकाट्यावर एक ठेवून बघितली, ६० पौंडांची ७१ भरली. एवढं पाणी पिऊन बसली होती. मॅट उचलली तर खाली हौद्याचं पाणी जायचं एक भोक वाळूने बुजलेलं आणि त्याभोवती रुपयाएवढा गंज. घासून रंग लावला. पुढच्या वर्षी मॅटला त्या जागी भोक पाडणार.

दोन पिशव्या फाटल्या होत्या, ती वाळू शेजारच्या आजोबांच्या पायऱ्यांजवळ टाकली. बाकीच्या तीन गॅरेजमध्ये उन्हाच्या बाजूला वाळत ठेवल्यात. चौकट भिंतीला टांगली आहे. तिच्या मधल्या फळीवर चाकाच्या मध्याची रेघ मारून खडूने लिहून ठेवलंय: 'आख इथे'.